तालीवरच्या सावल्या

बोरदऱ्याच्या वाडीत त्या उन्हाळ्यात माणसं दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकण्याआधी वर बघायला शिकली. आभाळ मोकळं दिसलं की पाऊल मागं घ्यायची. ढग असला तरी मागंच घ्यायची, कारण वरच्याला ढगाआडूनही कळतं, असं कुंदानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

वरचा म्हणजे देव नाही. देवाला वाडीत नाव होतं, ठाणं होतं, त्याच्याशी भांडताही यायचं. वरचा म्हणजे सरकारची यंत्रणा. कुणाच्या घरी महिन्याचा तांदूळ जाईल आणि कुणाच्या खात्यात बियाणं-खताची मदत पडेल, हे आभाळातून बघून ठरवणारी.

आणि खरं सांगायचं तर वरचा आला तेव्हा वाडीनं त्याचं कौतुकच केलं होतं. त्याच्या आधी याद्या माणसं करायची. खालच्या गावच्या पुढाऱ्याचा मेहुणा, ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा, तो वर्षानुवर्षं गरीब होता. आणि ठकूमावशी, जिच्या खोपटाला दाराच्या जागी पोतं लटकायचं, तिला दरवेळी ‘पुढच्या खेपेला बघू’. वरचा आला आणि पहिल्याच हंगामात मेहुण्याचं नाव गळलं, ठकूमावशीचं लागलं. म्हातारीनं त्या दिवशी अंगणात उभं राहून आभाळाला ओवाळलं होतं.

"डोळं लई चांगलं तुझं, बाबा," ती म्हणाली होती. "माणसांला जवळून दिसत नव्हतं, ते तुला लांबून दिसलं."

डोळे चांगले होतेच. भाकरीच्या टोपलीएवढे शेकडो उपग्रह पृथ्वीभोवती माळेसारखे फिरत आणि दिवसातून दोनदा प्रत्येक रानाचं चित्र टिपत. आधी देशभरातली थोडी घरं निवडून माणसं तिथं प्रत्यक्ष गेली होती. काय शिजतं, काय विकत येतं, दुखणं आलं तर काय करता, असं सगळं विचारून आली होती. मग त्याच घरांची आभाळातली चित्रं यंत्राला दाखवली. छप्पर कसलं, पीक कधी हिरवं होतं, मातीत ओल किती टिकते, शेतात माणसं किती राबतात. हे सगळं चुलीशी ताडून बघत यंत्र शिकलं. एकदा नातं कळल्यावर मग ज्या कोट्यवधी घरी कुणीच कधी गेलं नव्हतं, त्यांच्याही चुलीचा अंदाज त्याला नुसत्या चित्रावरून बांधता येऊ लागला. शितावरून भाताची परीक्षा, तीच जुनी रीत. फक्त हंडी देशाएवढी.

एवढ्या उंचीवरून माणूस म्हणजे ठिपका. पण सकाळच्या तिरप्या उन्हात माणसाची सावली माणसाहून लांब पडते, ती दिसते. आणि ऊन नसेल तेव्हा कुणाच्या रानात कुणाचा फोन किती वेळ होता, हे त्याला कळायचं.

सुगंधा केंगलेच्या घरी बातमी आली तेव्हा अंगणात हिरडे वाळत होते. ओटीवरच्या बाजेवर तिचा नवरा बबन उशाला घोंगडी घेऊन पडला होता. दोन वर्षांमागं हिरड्याच्याच झाडावरून तो पडला, तेव्हापासून त्याची कंबर वाकत नव्हती. जीभ मात्र शाबूत होती.

कुंदा ही सुगंधाच्या भावाची लेक. शिकलेली, आसपासच्या वाड्यांसाठी योजनेची सेविका. ती आली आणि उंबऱ्यावर बसली.

"आत्या, पाणी दे गं आधी."

"पाणी मागती म्हंजी बातमी वाईट," बबन म्हणाला. "चांगली असती तर चहा मागितला असता पोरीनं."

"मामा, गप की जरा." कुंदानं तांब्या खाली ठेवला. "आत्या, तुझं नाव गेलं. तांदूळही बंद आणि बियाण्याचंही."

सुगंधा हिरडे वरखाली करत होती, तिचा हात तसाच थांबला. "का? माझं काय वाढलं? छप्पर त्येच, रान त्येच. माणूस एक बाजेवर पडलेलं."

कुंदानं हातातली टॅबची पाटी पुढं केली. काचेवर सुगंधाचं भाताचं खाचर होतं. डोंगराच्या उतारावर पायरीसारखं कोरलेलं, वरून बघताना नखाएवढं. त्यावर काळ्या बारीक रेघा.

"जिरं सांडलंय जणू," सुगंधा म्हणाली.

"सावल्या आहेत त्या. मागच्या वैशाखातल्या. पडकईच्या."

पडकई ही या डोंगरातली जुनी रीत. इथं शेत म्हणजे उतार. उतारावर दगडांची ताल रचायची, तिच्या आड माती धरायची, तेव्हा कुठं भात उभा राहतो. एकट्या घराला ते जमत नाही. म्हणून आखितीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पावसापर्यंत आज याच्या रानात, उद्या त्याच्या, अशी सगळी वाडी पाळीनं राबते. मजुरी कुणी देत नाही, कुणी घेत नाही. ज्याचं रान त्यानं दुपारी भात आणि उडदाचं घुटं वाढायचं, आणि दुसऱ्याची हाळी आली की आपलं घमेलं उचलायचं. मागच्या वर्षी बबन आडवा, म्हणून वाडी सुगंधाच्याच रानात सगळ्यात जास्त दिवस राबली होती.

"वरचा म्हणतो, इतकी माणसं कामाला लावणारं घर गरीब कसं असेल?" कुंदा म्हणाली. "आणि फोनवर प्रश्न आला होता ना, घराबाहेरची माणसं शेतात राबतात का म्हणून? तू काय सांगितलंस?"

सुगंधाला आठवलं. तिनं छाती फुगवून सांगितलं होतं: राबतात तर! सगळी वाडी येती माझ्या तालीवर. दुसरं काय सांगणार? ज्याच्या तालीवर माणूस येत नाही तो माणसांतून उठला, असं इथं म्हणतात. ‘कुणी येत नाही’ असं परक्या बाईच्या आवाजाला कोण सांगेल?

"म्हंजी बघ," बबन छताकडं बघत म्हणाला, "मी पडलो म्हणून माणसं आली. माणसं आली म्हणून आपण सावकार झालो. तुटल्यावर एवढी किंमत येती असं ठाऊक असतं तर तरणा असतानाच पडलो असतो."



कुंदानं शहरातल्या कचेरीत फोन लावला. तिथल्या सबनीस मॅडम या यंत्राला शिकवणाऱ्यांपैकी एक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घाईत नव्हत्या, तुसड्याही नव्हत्या.

"सुगंधाताई, तुमचं मला पटतंय," त्या म्हणाल्या. "आमचा नमुना बहुतेक सपाटीवरच्या गावांतला होता. तिथं शेतात माणसं दिसली की ती मजुरीचीच असतात. तुमच्याकडची रीत यंत्रानं कधी बघितलीच नाही."

"मंग दाखवा की त्याला."

"दाखवली असती. पण काही माणसं पैसे न घेता येतात, हे त्याला शिकवलं, तर उद्या सपाटीवरचा प्रत्येक बागायतदार म्हणेल, हे मजूर नाहीत, माझे भाऊबंद आहेत. ते खोटं मला इथून ओळखता येणार नाही. आणि तांदूळ ठरलेलाच आहे. एक नाव आत आलं की दुसरं कुठलं तरी बाहेर जातं. ते कुणाचं जातं, हे मला दिसतं, ताई. तुम्हाला दिसत नाही."

सुगंधा म्हणाली, "तुमच्याकडं कुणी मेलं तर माणसं जमतात का, मॅडम?"

"जमतात."

"कितीनं जमतात? रोजानं का ठेक्यानं?"

"या हंगामात तुमच्या रानात घरचीच दोन माणसं दिसू द्या," मॅडम म्हणाल्या. "आषाढात यादीची पुढची फेरी आहे. नाव आपोआप आत येईल. माझ्या हातात एवढंच आहे."

एवढंच करायचं होतं. पण गेल्या पावसात सुगंधाच्या खाचराची खालची ताल फुटली होती. ती उभी केल्याशिवाय नवा पाऊस आला, तर पिढ्यांनी धरून ठेवलेली माती एका रात्रीत दरीत उतरणार होती. माती गेली की शेत गेलं; ते पुन्हा पैशानंही होत नाही. माणसं बोलवावीत तर तांदूळ जातो, श्रावण-भादव्यात चुलीवर काय ठेवायचं? न बोलवावीत तर रान जातं.

बातमी वाडीभर झाली आणि तिच्या मागोमाग दुसरी आली. सुगंधाच्या रानात राबायला गेलेल्यांच्या नावावर वरच्यानं न मिळालेली मजुरी धरली होती. सदू गभालेचं नाव त्यामुळं अगदी काठावर आलं होतं. मग कुणी कुणाला काही बोललं नाही, पण हाळ्या थांबल्या. आखिती झाली, एकाही टेकाडावरून कुणी कुणाला साद घातली नाही. ज्याची ताल तो एकटा रचू लागला. वाटेनं जाणारा खाली मान घालून जाई. सदूची बायको एकदा पाण्यावर भेटली. सुगंधा दोन पावलं पुढं झाली, तशी ती कळशी न भरताच सरकली, आणि मग लाजून परत आली.

"राग धरू नको, सुगंधा. पोरं हायेत घरात."

"कशाचा राग? भर तू पाणी."

सुगंधा एकटी राबू लागली. दगड उचलायचा, छातीशी धरायचा, चढावर नेऊन बसवायचा, फटीत दगडाची चीप मारायची. दिवस मावळताना बघावं तर ताल होती तेवढीच.

तोड बबननं काढली. ठकूमावशी ओटीवर पान खायला आली होती, तेव्हा तो म्हणाला, "मावशे, मॅडमनं दोन सावल्यांची मुभा दिली हाये. सुगंधीची एक चालू हाये. माझी रिकामीच पडलीये इथं बाजेखाली. घेऊन जा की कुणी वापरायला."

म्हातारीनं पान चघळणं थांबवलं. त्याच्याकडं बघितलं. मग खुंटीवरची त्याची टोपी काढून डोक्यावर चढवली, आपला फोन त्याच्या उशाला ठेवला आणि म्हणाली, "चल गं सुगंधे. आज मी तुझा नवरा. पण मी घुट्याला नावं ठेवणार नाय, त्याच्यावाणी."

तेव्हापासून रोज कुणीतरी एक यायचं. फोन घरी ठेवून, झाडीच्या कडेकडेनं, बबनची सावली व्हायला. एक गेल्यावर दुसरा. कधी सुगंधा स्वयंपाकाला घरी असली तर तिच्या मागं येऊन जायचे, आणि परतल्यावर तिला तालीवरून कळायचं कोण आलं होतं ते. सदू मोठा धोंडा तळाशी आडवा घालतो. त्याची बायको चिपा अशा मारते की सुईला वाट राहत नाही. ठकूमावशीचे दगड लहान, पण प्रत्येक मातीकडं किंचित झुकलेला, कान देऊन ऐकत असल्यासारखा. सुगंधा त्या दगडांवरून हात फिरवायची. माणसांना हात लावायची सोय राहिली नव्हती.

गाणं मात्र कुणी म्हणत नव्हतं. एकट्यानं पडकईचं गाणं म्हणता येत नाही. एकीनं सोडलेली ओळ दुसरीनं उचलावी लागते.

ताल कमरेपर्यंत आली आणि अडली. कोपऱ्याचा पायाचा धोंडा, ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा भार येतो, तो गेल्या वर्षी घरंगळून खाली घळीत पडला होता. तो दोघांच्या बापाला हलणारा नव्हता. सुगंधानं आणि सदूनं दोर लावून बघितला, पहार लावून बघितली. सदूचा हात सोलवटला, धोंडा होता तिथंच राहिला. पश्चिमेला कोकणच्या अंगानं ढगांची काळी भिंत चढत होती. वळवाचे दोन शिपके पडूनही गेले होते.

कुंदा धावत आली. तिला कुणीतरी सांगितलं असावं. "आत्या, थोडं थांब. आषाढाची फेरी तोंडावर आली. आतापर्यंत सगळं बरोबर दिसतंय. तुझं नाव आत येतंय."

"पाऊस थांबल का माझ्यासाठी? सांग त्याला, फेरी हाये म्हणावं."

"रान गेलं तर नंतर बघता येईल. तांदूळ गेला तर खाणार काय? मामाची औषधं आहेत..."

"कुंदे," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तांदूळ मला वरचा देतो. उद्या त्याचं मन फिरलं, नवीन कायतरी शिकला, तर देणार नाय. ही माती मला या लोकांनी दिली. माझ्या सासूला यांच्या सासवांनी. कुणाला धरून राहू, तूच सांग."

मॅडमचं बोलणं कुंदानंही ऐकलं होतं, आणि मॅडमही खोटं बोलत नव्हत्या.

सुगंधा टेकाडावर चढली. तोंडाभोवती हात धरले. कितीतरी दिवस न घातलेली हाळी घशातून पहिल्यांदा नीट निघालीच नाही. दुसऱ्यांदा निघाली, दरीत गेली आणि समोरच्या कड्यावरून परत आली. वाडी तशीच पडून होती. एक कुत्रं भुंकलं. मग सदूच्या घराचं कवाड वाजलं, मग आणखी एक, आणि माणसं पहारी-घमेली घेऊन उघड्यावरून, मधल्या वाटेनं, चालत आली. फोन कुणाकडंच नव्हते. मजुरीचं पाप कुणाच्या नावावर चढणार नव्हतं. सावल्या तेवढ्या सुगंधाच्या खात्यावर पडणार होत्या. सगळ्यांना ते माहीत होतं. म्हणून कुणी तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

धोंड्याला दोर बसले. ठकूमावशी कोपऱ्यावर उभी राहिली आणि तिनं ओळ सोडली:

*माझ्या खाचराची ताल सोयऱ्यांनी गं रचली,*

आणि दोर ओढता ओढता बायकांनी दुसरी उचलली:

*डोंगराची लाल माती माझ्या पदरात वाचली.*

धोंडा हलला, चढला, आपल्या जागी बसला. त्या वेळी ढगांच्या फटीतून ऊन पडलं होतं, आणि ओल्या मातीवर सगळ्यांच्या सावल्या लांब, स्वच्छ, एकमेकींत गुंतलेल्या पडल्या होत्या. कुंदानं एकदा वर बघितलं. मग पाटी पिशवीत सारली आणि घमेलं उचललं.

दुपारी सुगंधानं घरात होता नव्हता तो सगळा तांदूळ रांधला.

आषाढाच्या फेरीत तिचं नाव नव्हतं. पाऊस मात्र त्या वर्षी हुलकावण्या देत राहिला. ढग यायचे, दाटायचे, निघून जायचे. बाकीच्यांच्या अर्ध्यामुर्ध्या तालींना तेवढीच सवड मिळाली. आणि सुगंधाला नवीनच घोर लागला. पडकई पाळीची असते. सगळे तिच्या तालीवर आले, आता तिनं जायचं. रोज सकाळी ती घमेलं आणि पहार ओटीला टेकवून ठेवी आणि कान देऊन उभी राही. हाळी येत नव्हती. ज्यानं घातली त्याचा तांदूळ जाणार, हे तिच्याच घराकडं बघून सगळ्यांना कळलं होतं. तिच्या घरी आता नाचणीची पातळ आंबील शिजत होती. बबननं औषध एकाआड एक दिवस घ्यायला सुरुवात केली होती, आणि ते ती जाणत नाही असं समजत होता.

सदू एकटाच दगड रचताना तिला लांबून दिसायचा. ती वाटेपर्यंत जायची. तो हातानंच खुणावायचा: नको. ती परत यायची. उपकार फेडायला येऊ न देणाऱ्या माणसांमध्ये राहणं तिला भुकेहून जड जात होतं.

मग एका सकाळी हाळी आली. कापरी, चिरकी, मध्येच दम लागलेली. सुगंधानं आवाज ओळखला. ठकूमावशी.

वाडीत वरच्या तांदळावर पुरती जगणारी कुणी असेल तर ती म्हातारी. तिला मूल नाही, हिरड्यावर चढायची ताकद नाही, दुसरी मिळकत नाही. तिच्या टीचभर खाचराची ताल ढासळली होती खरी, पण ते रान गेलं असतं तरी तांदळावर ती जगली असती. तांदूळ गेला तर त्या टीचभर रानावर जगणार नव्हती.

"जाऊ नको," बबन म्हणाला. मग म्हणाला, "नाय गेलीस तर तोंड कसं दाखवशील?" मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

सुगंधा गेली तेव्हा म्हातारी बांधावर एकटीच बसली होती. थोड्या वेळानं सदूची बायको आली. तिघी झाल्या. त्यांनी वाट बघितली. आणखी कुणी आलं नाही. वाडीतली कवाडं लोटलेली होती, आणि त्यांच्या आड माणसं जागी होती, हे तिघींनाही ठाऊक होतं.

"मावशे, का घातलीस हाळी?" सुगंधानं विचारलं. तिला रडू येत होतं, रागही येत होता. "तुझ्या नावाचा तांदूळ जाईल. तुला कळतंय का?"

"कळतंय. म्हातारी झाले, येडी नाय." ठकूमावशीनं पदरानं नाक पुसलं. "गेले कितीक दिस एकटीच खात होते. तोंडात घास फिरत व्हता नुसता. म्हटलं, बघू तरी, माझ्या हाकेला कुणी येतं का अजून."

"आलोय की आम्ही."

"व्हय. दोघी."

पूर्वेच्या सुळक्यामागून सूर्य वर आला आणि तीन सावल्या ढासळलेल्या तालीवर पडल्या. तीन सावल्यांना वरचा मजूर म्हणतो की नाही, ते कुंदालाही सांगता आलं नसतं. ठकूमावशी उठली. तिनं एक दगड उचलून सुगंधाच्या हातात दिला, आणि सुगंधानं तो घेतला.